थंडी उतरताना केळीची बाग: पहिल्या आठ दिवसांचं काम

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागता लागता तापीकाठच्या सपाटीवर एक आठवडा असा येतो की पहाटेचं तापमान १५-१६ अंशांवरून चार-पाच दिवसांत १०-११ वर येऊन बसतं. गहू-हरभऱ्याला ते मानवतं. केळीला नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात ‘थंडीचा चरका बसला’ म्हणतात तो बहुतेक वेळा याच पहिल्या उतारात बसतो, कारण बाग अजून कोवळी असते आणि आपण अजून पावसाळ्याच्या सवयीत असतो.

थंडी पहाटे पडते, पण पहाटे करण्यासारखं फार थोडं हातात असतं. जमिनीत आदल्या दोन दिवसांत किती ऊब साठली, यावर त्या पहाटेचा निकाल ठरतो. म्हणून खालची कामं दिवसांच्या क्रमाने दिली आहेत. क्रम उलटा केला, म्हणजे आधी शेकोटी आणि मग पाणी, तर मेहनत तीच लागेल आणि उपयोग निम्मा होईल.

आधी केळीचे आकडे

केळीची वाढ १६ अंशांखाली मंदावते आणि १०-११ अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात आठवड्याभरात एक पान टाकणारं झाड ऐन थंडीत एका पानाला वीस-वीस दिवस घेतं. फळाच्या सालीला इजा १२-१३ अंशांखालीच सुरू होते. म्हणजे बर्फ पडायची, दव गोठायची वाट बघायची गरज नाही. ज्या पहाटेला माणसं ‘छान गुलाबी थंडी’ म्हणतात, ती केळीला बोचू लागलेली असते.

हवामान खात्याची ‘थंडीची लाट’ वेगळी. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून जास्त घसरलेलं असेल, तरच ती लाट. किंवा मग थेट ४ अंश वा खाली. त्यामुळे ‘लाटेचा इशारा नाही’ असं वाचून निर्धास्त राहू नका. तो निकष केळीसाठी बनवलेला नाही.

पहिला दिवस: आभाळ उघडतंय का ते बघा

उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, पुढे सरकत असतो तेव्हा आपल्याकडे बऱ्याचदा पातळ ढग असतात आणि रात्री उबदार वाटतात. बंगालच्या उपसागरात वादळ असलं तरी तसंच. झंझावात निघून गेला, आभाळ स्वच्छ झालं आणि वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा झाला की पुढच्या दोन-तीन रात्रींत पारा उतरतो. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. ती निघाली की दिवसभराची ऊब रात्री सरळ आकाशात जाते.

मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान पत्रिका किंवा मेघदूत ॲप बघा, पण त्यात फक्त किमान तापमान वाचू नका. ढगांचं प्रमाण, वाऱ्याचा वेग आणि संध्याकाळची आर्द्रता हे तीन आकडे वहीत लिहा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी, असं तिन्ही एकत्र जुळलं की अंदाजापेक्षा दोन अंश खाली धरून चाला. हवेत ओल असली की दव पडू लागल्यावर घसरण मंदावते. कोरड्या हवेला तसा अटकाव नसतो.

याच दिवशी दोन साधे थर्मामीटर बागेत लावा, शक्यतो किमान तापमान धरून ठेवणारे. एक उंच बाजूला, एक सर्वांत खोलगट कोपऱ्यात. जमिनीपासून चार फुटांवर, वर पांढऱ्या फळीचा आडोसा. आडोसा नसेल तर थर्मामीटर स्वतःच आकाशाकडे ऊब टाकतो आणि चुकीचं, कमी तापमान दाखवतो. दोन कोपऱ्यांत दोन-तीन अंशांचा फरक निघाला तर नवल नाही. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि नाल्याकाठी साचते. चरका कुठे आधी बसणार हे या दोन आकड्यांवरून कळतं.

दुसरा दिवस: भरपूर पाणी, तेही दिवसा

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. ‘थंडीत रात्री पाणी द्या’ हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधीची अर्धी गोष्ट राहून जाते.

कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते. ऊन लागलं की तिचा वरचा बोटभर थर तापतो, खाली ऊब जात नाही, आणि रात्री तो थर तासाभरात निवतो. ओली, बसलेली माती ऊब खोलवर घेते आणि रात्रभर हळूहळू सोडते. केळीची बहुतेक मुळं वरच्या एक फुटात असतात. तेवढा थर थंडी उतरण्याच्या एक-दोन दिवस आधी ओला झालेला हवा, म्हणजे त्याला दिवसाचं ऊन मिळतं.

हिशोब असा करा. १.५ × १.५ मीटरवरची, पाच-सहा महिन्यांची मृग बाग, म्हणजे जून-जुलैची लागवड, असेल तर या दिवसांत झाडाला रोज साधारण १० ते १२ लिटर पाणी लागतं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर तासाला ८ लिटर मिळतात, म्हणजे सव्वा ते दीड तास. या दिवशी एकदाच दोन तास चालवा. नंतर कुदळीने एका झाडाजवळ फूटभर खणून बघा. माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये. भारी काळ्या जमिनीत दोन तास जास्त होतात, तिथे दीडवर थांबा. थंडीत मुळं आधीच मंद झालेली असतात. त्यात चिखल झाला की ती गुदमरतात आणि पानं पिवळी पडतात. मग लोक ती थंडीची पिवळट समजून आणखी पाणी देतात.

याच दिवशी बागेत नांगरटी, वखरणी, माती भुसभुशीत करणारं कोणतंही काम करू नका. कांदे बागेत, म्हणजे ऑक्टोबरच्या लागवडीत, झाडांमध्ये ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं. तिथे पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं आच्छादन असेल तर आठवडाभरासाठी ते सरीत ओढून ठेवा. आच्छादन जमिनीला जसं रात्री झाकतं तसंच दिवसाही झाकतं आणि ऊन आत जाऊ देत नाही. मोठ्या बागेत सावलीच दाट असते, तिथे हलवाहलव करून काही साधत नाही.

तिसरा दिवस: वाऱ्याची बाजू आणि पानं

कायमचं कुंपण म्हणजे शेवरीच्या दोन ओळी किंवा गजराज गवत. ते जूनमध्येच लावायचं असतं. आता नसेल तर उत्तर आणि पूर्व बाजूला हिरवी शेडनेट किंवा जुन्या साड्या बांबूला बांधा. साड्या म्हणून हसू नका, सुती साडी वारा अडवते आणि थोडा झिरपूही देते. ते चांगलं, कारण पूर्ण बंद भिंतीमागे वारा भोवरे करून आत कोसळतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. शेताची सर्वांत खालची बाजू बंद करू नका. वरून वाहत आलेली थंड हवा तिथून बाहेर पडते. तिथे घट्ट नेट लावली की बांध घातल्यासारखं होतं आणि आतल्या चार-पाच ओळी थंड हवेत बुडतात. वाऱ्याचा आडोसा वरच्या बाजूला, खाली मोकळी वाट.

हिरवी पानं कापू नका. करपा (पानांवर डाग पाडणारा रोग) असेल तर फक्त डाग पडलेला भाग कापा, पूर्ण पान नाही. खोडाला चिकटलेली वाळकी पानंही हा आठवडा राहू द्या, ती गोणपाटासारखं काम करतात. पिलं मात्र कापायला हरकत नाही. पिलांना लागणारं अन्न मुख्य झाडाला मिळेल.

कांदे बागेतल्या कोवळ्या रोपांना क्रॉप कव्हरची पिशवी हाच खरा उपाय. रोपाभोवती तीन-चार काड्या रोवायच्या, वरून पांढरी न विणलेल्या कापडाची पिशवी उतरवायची आणि खालची कड मातीने दाबायची. पान कापडाला टेकलं की टेकलेला भाग रात्री जळतो, म्हणून काड्या रोपापेक्षा वीतभर उंच हव्यात. प्लास्टिकची पिशवी इथे नको. दुपारी आत भट्टी होते.

चौथा दिवस: घड झाकणं

घडाचं काम घाईत करायचं नाही, म्हणून त्याला स्वतंत्र दिवस.

निसवून, म्हणजे खोडातून बाहेर पडून, पूर्ण झालेला घड निवडा. शेवटची फणी दिसल्यावर केळफूल दांड्याचा वीतभर भाग राखून मोडून काढलेलं असावं. त्यानंतर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, १०० ग्रॅम युरिया आणि थोडं स्टिकर (द्रावण घडाला चिकटून राहावं म्हणून) मिसळून घडावर फवारा. ही जुनी, पक्की शिफारस आहे. फवारणी सकाळी दव वाळल्यावर करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत घड कोरडा होतो. ओला घड झाकला की आत बुरशी.

पिशवी ७५ × १०० सेंटिमीटरची, जाडीला १०० गेजची, पांढरी आणि छिद्रांची. छिद्रं २ ते ६ टक्के. बिनछिद्राची स्वस्त पिशवी आणली तर पहाटे आतून पाणी निथळतं आणि सालीवर काळे ठिपके येतात. खालून वर चढवा, वरचं तोंड पहिल्या फणीच्या वर दांड्याला सुतळीने बांधा, खालचं तोंड उघडं ठेवा. कमी उंचीच्या शिडीवरून एक माणूस चढवतो, दुसरा खालून पिशवी पसरून धरतो. एकट्याने केलं की हमखास वरची फणी घासली जाते आणि ती खरवड पिकल्यावर काळी दिसते.

दुपारचं ऊन ज्या घडावर सरळ पडतं तिथे पिशवीच्या आत वरच्या फणीवर वर्तमानपत्राची घडी घाला किंवा जवळचं पान वाकवून सावली करा. थंडीपासून वाचवलेला घड दुपारी भाजू नये.

पाचवा ते सातवा दिवस: पहाटेची पाळी

आता रात्रीचं पाणी. विहीर किंवा बोअरचं पाणी हिवाळ्यातही हाताला कोमट लागतं. शेततळ्यातलं पाणी उघड्यावर निवलेलं असतं. पर्याय असेल तर या तीन रात्री थेट बोअरवरून चालवा. रोजच्या दीड तासाचे दोन भाग करा: अर्धा तास दुपारी बारापूर्वी, तासभर पहाटे तीन ते पाच. वीज रात्रीच्या टप्प्यात नसेल तर सगळं पाणी सकाळीच द्या आणि समाधान माना. दिवसा ओली झालेली जमीन निम्मं काम करतेच.

रात्री बागेत एकट्याने जाऊ नका. दाट केळीच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर ही काही अफवा नाही. दोघं जा, मोठी बॅटरी घ्या, बोलत जा. ठिबकचे व्हॉल्व्ह शक्यतो बांधावर काढून घेतलेले असले तर आत शिरायची वेळच येत नाही.

मग शेकोट्या. धुराबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. धुराचा पडदा ऊब अडवतो ही समजूत अर्धीच खरी आहे. धुराचे कण फार बारीक असतात, जमिनीतून निघणारी उष्णता त्यांतून बरीचशी आरपार जाते. उपयोग होतो तो विस्तवाच्या उबेचा आणि त्यामुळे हवा ढवळण्याचा. स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवेचा थर असतो. लहान विस्तव ती वरची हवा खाली मिसळतात. मोठा जाळ मात्र तो थर फोडून सरळ वर जातो आणि बाजूने थंड हवा बागेत ओढून घेतो. म्हणून एका कोपऱ्यात ढीग पेटवून देणं हे नुकसानीचंच काम.

करायचं असं:

एकराला दहा-बारा लहान ढीग, प्रत्येक टोपलीभर. कडेने आणि मधल्या रस्त्यांवर. खाली पऱ्हाटी किंवा तुराट्या, वर ओलसर पाचट. (भरताची वांगी भाजून उरलेल्या काड्या याच कामाला येतात. पहिल्या थंडीत खानदेशात त्यांचा तुटवडा नसतो.) केळीच्या वाळक्या पानांपासून आणि ठिबकच्या नळीपासून किमान दहा फूट लांब. सोळा मिलिमीटरची नळी विस्तवाच्या धगीनेच वितळते, आणि सकाळी त्या ओळीला पाणी नाही हे दोन दिवसांनी कळतं. टायर, प्लास्टिक अजिबात नाही.

पहाटे साडेतीन-चारला पेटवा. सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास येतं, म्हणजे या दिवसांत पावणेसातच्या सुमारास. सूर्य उगवला की ढिगांवर पाणी मारा. उन्हात धूर राहिला तर तोच ऊन अडवून बाग उशिरा तापवतो. आणि वारा वाहत असेल त्या रात्री शेकोटीचा नाद सोडून द्या, सगळी ऊब शेजारच्या शेतात जाते.

खत? मृग बागेला या काळात, १७ ते २८ आठवड्यांच्या टप्प्यात, हजार झाडांना आठवड्याला १३.५ किलो युरिया आणि ८.५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश ठिबकमधून जातं. कांदे बागेला पहिल्या १६ आठवड्यांत दर आठवड्याला ४.५ किलो युरिया, ६.५ किलो मोनो अमोनियम फॉस्फेट आणि ३ किलो म्युरेट. हे चालू ठेवा, वाढवू नका. बाग थांबलेली दिसली म्हणून युरिया दुप्पट केला तर मुळं ते उचलत नाहीत, आणि ऊब परतल्यावर जी लुसलुशीत वाढ येते ती पुढच्या थंडीत आधी मार खाते. निंबोळी पेंड झाडाला पाव ते अर्धा किलो द्या, जमिनीला चांगलीच आहे, पण ती ऊब देते म्हणतात त्या भरवशावर हा आठवडा काढू नका.

चरका बसलाय का, कसं ओळखायचं

घडावरून नाही, एका केळ्यावरून ओळखा. खोलगट कोपऱ्यातल्या, न झाकलेल्या घडाच्या सर्वांत बाहेरच्या फणीतलं एक कच्चं केळ काढा. धारदार ब्लेडने सालीचा वरचा अगदी पातळ पापुद्रा लांबीत सोला. खाली फिकट हिरवा भाग आणि पांढरट चीक दिसला तर ठीक. दोऱ्यासारख्या बारीक तपकिरी रेघा दिसल्या तर सालीतल्या चिकाच्या नळ्यांना थंडी लागली आहे. बाहेरून ते केळ अजून हिरवंगार दिसतं. पिकवायला टाकल्यावर मात्र ते झळाळीचं पिवळं होत नाही, राखी छटेचं मळकं राहतं, आणि व्यापारी भाव तिथेच तोडतो. गर बिघडलेला नसतो. जवळच्या बाजारात ते लवकर विकून टाकणं शहाणपणाचं.

झाडावरची खूण पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या नव्या पानात, दिसते. नवं पान उलगडत नाही, उलगडलं तर कडेला पांढुरकं-पिवळट, आणि शेंड्याला पानं एकाच ठिकाणाहून फुटल्यासारखी गोळा होतात. अशा झाडाचा घड पुढे खोडाच्या गळ्यात, बाहेर पडायच्या वाटेवरच, अडकण्याची शक्यता जास्त.

सर्वांत महाग नुकसान मात्र या आठवड्यात दिसतच नाही. जून-जुलैची ऊतिसंवर्धित रोपांची, ग्रँड नैन जातीची बाग पाच-सहा महिन्यांची होते तेव्हा, म्हणजे नेमक्या याच दिवसांत, खोडाच्या पोटात घडाची जडणघडण सुरू होते. तेव्हा थंडी लागली तर अडीच-तीन महिन्यांनी बाहेर येणारा घड वेडावाकडा, कमी फण्यांचा निघतो. ऑस्ट्रेलियात अशा घडांना ‘नोव्हेंबर डम्प’ म्हणतात. तिकडे हिवाळ्यात घडलेला घड त्यांच्या वसंतात बाहेर पडतो. आपल्याकडे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतो आणि दोष बियाण्याला दिला जातो. म्हणून वहीत या आठ पहाटेंचे आकडे कोपऱ्यानिशी लिहून ठेवा.

विमा आणि गाडी

हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाचा निकष १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली, असा राहिला आहे. त्या वर्षीच्या शासन निर्णयात तो एकदा वाचून घ्या. इथे तुमच्या बागेतला थर्मामीटर धरत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरतात. सलग तीन दिवसांची साखळी मोडली की निकष मोडला, मधल्या एका ढगाळ रात्रीनेही.

काढणीचा माल असेल तर घड दुपारी कापा, सावलीत ठेवा आणि संध्याकाळपूर्वी गाडी भरा. दिल्ली-पंजाबकडे जाणारी गाडी रात्री आपल्याहून थंड मुलखातून जाते. तळाला आणि बाजूंना पाल्याचा जाड थर, वरून ताडपत्री, आणि पुढच्या बाजूची फट बंद. मालाचं तापमान १३ अंशांखाली गेलं की शेतात केलेलं सगळं वाया.

आठवा दिवस

बहुतेकदा पुढचा झंझावात येतो, ढग येतात आणि पहाट पुन्हा १४-१५ अंशांची होते. तेव्हा कांदे बागेतल्या पिशव्या काढू नका, फक्त दुपारी कड उचलून वारा द्या. ढगाळ, ओलसर दोन दिवस म्हणजे करप्याला आमंत्रण, डाग शोधायला याच वेळी फिरा. भाजल्यासारखी दिसणारी पानं नवीन दोन पानं पूर्ण उलगडेपर्यंत कापू नका, त्यांचा हिरवा भाग अजून झाडाला खाऊ घालतोय. आणि ड्रिपर पुन्हा रोजच्या सलग दीड तासावर आणा.